पोराले सल्ला कोण देऊन राहिलं, हे आधी पाहा

नमस्कार मंडळी. मृग लागला की आपल्याकडं दोन गोष्टींची एकदमच घाई सुटते, एक पेरणीची आणि दुसरी ॲडमिशनची. बियाण्याच्या बॅगा आणि पोराची फी एकाच पंधरवड्यात उभी राहते, पैसा मात्र तोच, एकाच खिशातला. या धावपळीत दहावी-बारावीनंतर काय, याचा फैसला कुठं होतो? पानठेल्यावर, एसटीत, नाहीतर कोणाच्या लग्नाच्या पंगतीत, पुण्यात असलेला एखादा मामा म्हणतो कम्प्युटरले टाका आणि झालं. कृषी केंद्रात आपण पक्कं बिल मागतो, बॅगेवरचा लॉट नंबर पाहतो, टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवतो. आणि पोराच्या आख्ख्या आयुष्याचा सल्ला जो देऊन राहिला तो हे कुठं शिकला, हे आपण विचारतच नाही.

मी स्वतः हायस्कूलचा मास्तर आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आणि हे मी दुसऱ्याकडं बोट दाखवून बोलत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक पोरगा दहावीला गणितात चांगले मार्क घेऊन पास झाला, त्याच्या बापानं मला विचारलं सर काय करू, आणि मी उभ्याउभ्या सांगून टाकलं, सायन्स घ्या, मग इंजिनिअरिंग. पोराला एक शब्द विचारला नाही. बापानं कर्ज काढलं, पोरगं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी आलं, आणि सहा महिने माझ्यासमोरून जायचं टाळत होतं. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्यानंतर मी ठरवलं की हे काम करायचं तर आधी शिकायचं.

आता हे शिकणं म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुष्कळ लोकांना वाटतं कोर्सेसची यादी पाठ केली की झाला करिअर काउन्सेलर. तसं नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसानं १९०८ मध्ये गरीब घरच्या पोरांसाठी असं पहिलं मार्गदर्शन केंद्र काढलं, त्याचं म्हणणं साधं होतं, आधी पोराला स्वतःची ओळख पटू द्या, मग कामांची खरी माहिती द्या, आणि मग दोन्हीचा मेळ पोराला स्वतःला घालू द्या. शंभरावर वर्षं झाली तरी ट्रेनिंगचा पाया हाच आहे. त्यावर मग अभिक्षमता चाचण्या येतात, म्हणजे पोराला कोणतं काम जमू शकतं हे पाहणाऱ्या, आवडीच्या चाचण्या येतात, त्या कशा घ्यायच्या आणि मुख्य म्हणजे त्यातून काय कळत नाही, हेही शिकवतात. इंग्रजी नीट न येणाऱ्या पोराला इंग्रजी पेपर दिला तर कमी मार्क भाषेचे पडतात, डोक्याचे नाही, हे ज्याला कळत नाही त्यानं चाचणीला हातच लावू नये.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका टेपनं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एका मुलाशी पंधरा मिनिटं बोलायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. नंतर मॅडमनं ते लावलं आणि हातात घड्याळ घेऊन माझं बोलणं मोजलं. पंधरातली अकरा मिनिटं मीच बोलत होतो!! पोरगं मधूनमधून हो सर, हो सर. एका जागी त्यानं म्हटलं होतं, मला तसं म्हणजे, आणि मी त्याला तिथंच तोडून पॉलिटेक्निकची माहिती सुरू केली होती. तो पुढं काय म्हणणार होता हे कोणालाच कळलं नाही. ती टेप ऐकताना मला त्या पहिल्या पोराची लय आठवण आली.

मास्तर मंडळी कोणी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. पहिले सहा महिने घरून अभ्यास, मग तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, आणि शेवटचे तीन महिने आपल्याच गावाकडं इंटर्नशिप. त्याचं एक केंद्र भोपाळला आहे, नागपूरहून गाडीत बसलं की थेट. तीन महिने घर सोडून राहणं सोपं नाही हे मला माहीत आहे, पण खरी शिकवण त्या वर्गातच होते. आणि सर्टिफिकेट मिळालं म्हणजे संपलं असंही नाही. इंग्लंडमध्ये करिअर सल्लागारांच्या रजिस्टरवर नाव टिकवायचं तर दरवर्षी २५ तास नवीन शिकल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडंही तसं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे, कारण नियम बदलत राहतात. आता हेच पाहा ना, आपल्या महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ज्या घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे त्या घरच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. हे माहीत नसलेल्या सल्लागारानं एखाद्या बापाला फी झेपणार नाही म्हणून सांगितलं, तर ती पोरगी घरी बसली ना!

आपल्या देशात करिअर काउन्सेलर म्हणून पाटी लावायला कायद्यानं कोणतं लायसन लागत नाही. म्हणून विचारायचं आपणच. कोर्स किती महिन्यांचा केला, कोणाच्या हाताखाली पोरांशी बोलायचा सराव केला, चाचणी कोणत्या भाषेत घेणार, आणि कोणत्या कॉलेजकडून कमिशन घेता का? हा शेवटचा प्रश्न लाजू नका, विचाराच. दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचं रंगीत सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर तेवढ्यावर जाऊ नका. आणि बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारे आता तालुक्यापर्यंत आले आहेत, हजारो रुपये घेतात, त्याला शास्त्राचा काही आधार नाही. तेवढ्या पैशात पोराची पुस्तकं येतात. आपल्या जिल्ह्याच्या गावी सरकारचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, तिथं एक चक्कर मारा, आणि केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल, म्हणजे नोकरी-मार्गदर्शनाची वेबसाइट, २०१५ पासून चालू आहे, नोंदणी फुकट आहे.

एक पोरगी सांगतो आणि थांबतो. दहावीला जेमतेम पास, घरचे म्हणत होते आर्ट्सला टाकून देऊ, दोन वर्षांत लग्न. मी तिच्याशी शाळेच्या मागच्या निंबाखाली बसलो आणि या वेळी तोंड बंद ठेवलं. लय वेळ ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग म्हणे, सर, मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. म्हटलं कोणाचे? म्हणे आमचा, काकाचा, आन शेजारच्यायचे पण, वायसर खराब होते ना, मंग बाबा म्हणते तुलेच जमते. तिचे हात पाहिले तर नखांत ग्रीस. दहा वर्षं ती माझ्या शाळेच्या आवारात वावरली होती आणि मला हे माहीत नव्हतं.

बाप आधी बिघडलाच, पोरीले फिटर करता का म्हणे. मी वाद घातला नाही, फक्त विचारलं, गेल्या हंगामात पंप बंद पडला तेव्हा कोणी उघडला? तो गप्प बसला. मग त्याला कागदावर काढून दाखवलं, दोन वर्षं आयटीआय, त्यानंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, आणि पुढं जमलं तर डिप्लोमावरून इंजिनिअरिंगलाही थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे एका दारातून गेली तर बाकीची बंद होत नाहीत. त्यानं तो कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला, सातबाऱ्यासारखा.

आता ती तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा एसटीत भेटली, हातात फाईल घेऊन उभी होती, आणि म्हणे सर, आमच्या गावातल्या आणखी दोन पोरी येऊन राहिल्या यंदा, तुमच्याकडं शनिवारी पाठवू का? म्हटलं पाठव. नमस्कार.