लशीने पाळी पुढे जाते का?

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय बायका दवाखान्यात सगळ्यात शेवटी काढतात. बीपी तपासून होतं, गुडघेदुखीचं सांगून होतं, चिठ्ठी पर्समध्ये जाते, आणि उठता उठता आवाज खाली येतो. "मॅडम, लस घेतल्यापासून पाळीचं जरा मागेपुढे झालंय. लशीने होतं का हो असं?" तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना २०२१ मध्ये हा प्रश्न मी सतत ऐकला. आता कोविडची लस मागे पडली, प्रश्न मात्र गेला नाही. मुलीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यायची म्हटलं की आई तोच प्रश्न घेऊन येते.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी दाराची बेल वाजवली तरी हरकत नाही. हो, कोविडच्या लशीने फरक पडू शकतो. पाळी एखादा दिवस पुढे जाते, काहींना एखाद्या वेळी नेहमीपेक्षा जास्त जातं, आणि बहुतेकींचं पुढच्या एक-दोन पाळ्यांत पूर्ववत होतं. मूल होण्यात त्याने अडचण येत नाही.

एवढं साधं उत्तर, पण ते ठामपणे मिळायला जवळजवळ दोन वर्षं गेली. का गेली, ते सांगण्यासारखं आहे.

एप्रिल २०२१ आठवा. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती. नेमका त्याच वेळी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागला. मुलींनो, पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका, त्या काळात प्रतिकारशक्ती कमी असते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने २४ एप्रिलला हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं, पण खुलाशापेक्षा मेसेज जोरात पळतो. आता जरा हिशेब करा. आधीचे पाच दिवस, पाळीचे चार-पाच, नंतरचे पाच. निम्मा महिना गेला! आणि कोविनवर स्लॉट मिळवायला घरातली तरुण पोरं मोबाइल धरून बसायची, तो काळ. आलेला स्लॉट सोडला तर पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. पाळीत प्रतिकारशक्ती ढासळते याला काडीचाही आधार नाही. लोणच्याला हात लावू नको, देवाजवळ जाऊ नको, ही यादी आपल्याकडे आधीच लांबलचक. तिच्यात लशीची भर पडली आणि ती लगेच खपली, याचं मला नवल वाटलं नाही.

मेसेज खोटा होता. पण त्याच्या जोडीने बायका जे स्वतःच्या अंगावरचं सांगत होत्या, तेही अफवेच्याच खात्यात टाकलं गेलं. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणी तारीख कालनिर्णयवर लिहितात. पेनाने एक बारीक फुली, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी, चौकटीच्या कोपऱ्यात. एक शिक्षिका त्या पानांचे फोटोच मोबाइलमध्ये घेऊन आली होती. वर्षभराच्या फुल्या अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांच्या अंतरावर, लशीनंतरची तेवढी बत्तिसाव्या दिवशी, आणि पुढची पुन्हा एकोणतीसवर. तिला आधी दुसरीकडे ऐकवलं गेलं होतं, "लशीचा आणि पाळीचा काय संबंध? टेन्शन घेऊ नका." टेन्शनने पाळी लांबते हे खरं, आणि त्या वर्षी टेन्शन कुणाला नव्हतं? पण संबंध नाही असं छातीठोकपणे सांगण्याजोगी माहिती तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती. याचा मला अजून राग येतो.

माहिती का नव्हती? लशींच्या मोठ्या चाचण्यांत हजारो बायका होत्या. डोस घेतल्यावर त्यांना रोजच्या नोंदीसाठी तक्ता भरायला सांगत. टोचलेली जागा दुखते का, ताप आहे का, डोकं दुखतं का, थकवा आहे का. हा तक्ता साधारण सात दिवसांचा. पाळीचा रकानाच नव्हता. शिवाय डोसनंतर पाळी यायची ती कुणाची चौथ्या दिवशी, कुणाची विसाव्या दिवशी. सात दिवसांच्या तक्त्यात ती सापडणार कशी? बाई गरोदर नाही ना, हे मात्र डोसआधी तपासून घेत.

मग ज्यांच्या अंगावर बेतलं त्यांनीच विचारायला सुरुवात केली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात केट क्लॅन्सी नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ आहेत. लस घेतल्यावर आपल्याला नेहमीपेक्षा जास्त जातंय, असं त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्विटरवर लिहिलं. खाली "मलाही, मलाही" अशी रीघ लागली. कॅथरीन ली या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी एप्रिलमध्ये प्रश्नावली काढली. पहिल्या तीन महिन्यांतल्या एकोणचाळीस हजारांवर उत्तरांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची पाळी नियमित होती त्यांतल्या ४२ टक्के जणींनी जास्त गेल्याचं सांगितलं, ४४ टक्के जणींनी काही फरक नाही म्हटलं. हा ४२चा आकडा नंतर भीती घालायला पुष्कळ वापरला गेला. अहो, ज्यांना त्रास झाला त्याच अशी प्रश्नावली हौसेने भरणार. शंभरांत बेचाळीस बायकांना असं होतं असा अर्थ यातून काढू नका, हे संशोधिकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

खरं मोजमाप करायचं तर लस घेण्याच्या आधीपासूनच्या तारखा हव्यात, त्याही लस घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्या. त्या मिळाल्या मोबाइलच्या पाळी-ॲपमध्ये. अमेरिकेतल्या ओरेगन इथल्या डॉ. ॲलिसन एडेलमन यांनी आधी सुमारे चार हजार जणींच्या नोंदी तपासल्या आणि मग सप्टेंबर २०२२ मध्ये अनेक देशांतल्या १९,६२२ जणींच्या. लस घेतलेल्यांची पाळी सरासरीने एका दिवसापेक्षाही कमी लांबली होती. पहिल्या डोसनंतर ०.७१ दिवस, दुसऱ्यानंतर ०.५६ दिवस. रक्तस्राव किती दिवस चालला, त्यात फरक नव्हता. ज्यांना एकाच पाळीचक्रात दोन्ही डोस मिळाले त्यांचं अंतर मात्र पावणेचार दिवसांच्या आसपास वाढलं. तिकडे फायझरचे दोन डोस एकवीस दिवसांच्या अंतराने देत, म्हणून असं घडू शकलं. आपल्याकडे बहुतेकींनी पुण्याच्या सीरमची कोविशील्ड घेतली, आणि मे २०२१ पासून तिच्या दोन डोसांत बारा ते सोळा आठवड्यांचं अंतर होतं. त्यामुळे ही वेळ आपल्या बायकांवर क्वचितच आली असणार.

सरासरी एक दिवससुद्धा नाही, मग फुल्यांचे फोटो आणणाऱ्या त्या शिक्षिकेची पाळी तीन-चार दिवस कशी लांबली? सरासरी अशीच फसवी असते. बऱ्याच जणींना काहीच होत नाही, काहींना दोन-तीन दिवस, आणि थोड्या जणींना आठवडा. त्या पहिल्या अभ्यासात एकाच चक्रात दोन डोस घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या वर बायकांना आठ दिवस किंवा जास्त फरक पडला होता. लस न घेतलेल्यांतही असा फरक चार टक्क्यांच्या वर जणींना पडला, हेही विसरू नका. आणखी एक गोष्ट. ॲपच्या अभ्यासात घेतल्या त्या नियमित पाळीच्या बायका. माझ्या ओपीडीत बसतात त्या पीसीओडीच्या मुली, गर्भाशयात गाठी असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या. त्यांच्याबद्दल हे आकडे बोलत नाहीत.

जास्त जाण्याचं काय? नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने अठरा ते तीस वयाच्या मुलींना विचारलं. पहिल्या डोसच्या आधीच्या पाळीत ७.६ टक्के जणींना नेहमीपेक्षा जास्त गेलं होतं, डोसनंतर १३.६ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण त्याच मुलींत लशीच्या आधीच्या पाळीतही ३७.८ टक्के जणींना काही ना काही वेगळं जाणवलं होतं. पाळी मुळातच घड्याळाच्या काट्यावर चालत नाही! पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने फायझर आणि मॉडर्नाच्या लशींच्या माहितीपत्रकात "जास्त रक्तस्राव" हा संभाव्य दुष्परिणाम लिहायला सांगितलं. तोवर जगातल्या बहुतेक बायकांचे डोस कधीच होऊन गेले होते.

हे होतं कसं? लशीत कुठलंही हार्मोन नसतं. गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी येऊ नये म्हणून बायका गोळ्या मागायला येतात. त्या गोळ्यांत हार्मोन असतं, आणि त्या कुणी न विचारता मेडिकलमधून आणून खातात, पण ते असो. लस काम करते प्रतिकारशक्तीवर. मेंदूतून अंडाशयाला जे संदेश जातात, ते ताप, आजारपण, उपासमार, जागरण अशा कशानेही थोडे डळमळतात. लशीनंतर शरीरात दोन-तीन दिवस जी खळबळ होते, तिनेही तसं होत असावं. ॲपच्या नोंदींतूनच पुढे कळलं की डोस पाळीचक्राच्या पहिल्या भागात, म्हणजे बीज सुटण्याआधी घेतला तर पाळी लांबते, बीज सुटल्यानंतर घेतला तर लांबत नाही. बीज सुटायला एक-दोन दिवस उशीर झाला की पाळीही तेवढीच पुढे जाते, असा त्याचा अर्थ लागतो. गर्भाशयाच्या अस्तरातही प्रतिकारशक्तीच्या पेशी भरपूर असतात, अस्तर सुटणं आणि पुन्हा भरून येणं यात त्यांचा हात असतो. जास्त जाण्याचं कारण तिथे असू शकतं. वेगवेगळ्या पद्धतीने बनवलेल्या लशींत फरक साधारण सारखाच दिसला, यावरून दोष लशीतल्या एखाद्या घटकाचा नसावा. टायफॉइडच्या लशीनंतर पाळीत बदल झाल्याची नोंद तर न्यूयॉर्कहून १९१३ साली छापून आली आहे. शंभर वर्षं हा धागा कुणी फारसा पुढे ओढला नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. "सूनबाईला मूल होण्यात अडचण येईल का?" बॉस्टन विद्यापीठाने मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांवर बायकांवर लक्ष ठेवलं. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघींना दिवस राहण्याची शक्यता सारखीच होती. फरक पडला तो जोडीदाराला कोविड झाला असताना. त्यानंतरचे साधारण दोन महिने दिवस राहण्याची शक्यता कमी झालेली दिसली. हे ऐकून आमच्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "मग तपासायचं त्याला, हिला कशाला?" बरोबरच बोलल्या.

मुलींच्या एचपीव्ही लशीविषयीही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या त्या लशीविषयीही सांगते, कारण पुण्यातच बनलेली सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे आणि आया विचारतात. जपानमध्ये या लशीनंतर मुलींना अंगदुखी, डोकेदुखी, पाळीचे त्रास होतात अशा बातम्यांचा इतका गदारोळ झाला की जून २०१३ मध्ये सरकारने लशीची शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांच्या आसपास मुली लस घेत होत्या, ते प्रमाण एका टक्क्याखाली आलं. नागोया शहराने मग मुलींना चोवीस लक्षणांबद्दल विचारलं, अनियमित पाळी त्यांत होती, आणि जवळपास तीस हजार जणींनी उत्तरं दिली. लस घेतलेल्या मुलींत ही लक्षणं जास्त आढळली नाहीत. वयात येणाऱ्या मुलीची पाळी पहिली दोन-तीन वर्षं तशीही बेभरवशाची असते, आणि लस द्यायची ती नेमकी त्याच वयात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बोट लशीकडे जातं. जपानने शिफारस पुन्हा सुरू केली ती एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या नऊ वर्षांतल्या मुली वाऱ्यावर राहिल्या.

तेव्हा लशीच्या दिवशी पाळी आली असली तरी खुशाल जा, तारीख बदलू नका. एखादी पाळी चार-आठ दिवस इकडेतिकडे झाली तर लिहून ठेवा आणि पुढची बघा. जास्त जात असेल, म्हणजे तासातासाला पॅड भिजतंय, रुपयापेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडताहेत, चक्कर येतेय, तर मात्र घरी थांबू नका, कारण लस असो वा नसो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांचं रक्त कमी आढळलं होतं. ज्यांच्याकडे मुळातच कमी आहे, त्यांनी ते असं वाहू द्यायचं नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बहिणींना वेगळं सांगते. तुम्हाला पुन्हा डाग दिसला, तर "लस घेतली होती ना, त्यानेच असेल" असं कुणीही म्हणो, अगदी डॉक्टर म्हणाले तरी, सोनोग्राफी करून अस्तराची तपासणी झाल्याशिवाय गप्प बसू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते, आणि तो लवकर सापडला तर बरा होतो.

आणि ज्यांची तारीख टळून आठवडा झालाय, त्यांनी लशीचा विचार करण्याआधी मेडिकलमधून गर्भचाचणीची पट्टी आणावी. सकाळची पहिली लघवी, पट्टीवर सांगितलेले थेंब, पाच मिनिटं. लस घेतल्यामुळे पाळी लांबली म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी काही जणी परत गेल्या त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊन.

नमस्कार.