गाळातली होडी आणि तिची शेपटी

(पहाटेचे पाणी. काठावर उलटी टाकलेली होडी, शेजारी वाळत घातलेली जाळी.)

सिंदफणा नदी बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि माजलगाव तालुक्यातच मंजरथला गोदावरीला मिळते. त्या संगमाच्या अलीकडे तिला अडवून माजलगावचे धरण उभे आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण केवळ आपल्या नदीवर अवलंबून नाही, कारण पैठणहून निघालेला १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा येथेच येऊन रिकामा होतो. ज्या पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, त्याचे पाणी असे बीड जिल्ह्यातल्या या जलाशयात येऊन मिसळते. याच पाण्यावरच्या एका मासेमाराच्या होडीला लांब दांड्याची मोटर नीट कशी बसवावी, ते या चित्रफितीत पाहू.

हे पाणी नकाशावर निळे आणि एकसारखे दिसते, प्रत्यक्षात ते तसे नाही. मराठवाड्यातला कोणताही मासेमार सांगेल, की दिवाळीला जिथे वल्हे बुडत होते तिथे शिमग्याला गुडघाभर पाणी असते आणि वैशाखात साठा मृतसाठ्याकडे झुकला की त्याच जागी काळ्या मातीचा रेंदा उरतो. मधल्या तीन-चार महिन्यांत काठाला धड पाणीही नसते आणि धड जमीनही नसते. पाण्याखाली गेलेल्या शेतांचे बांध, वेड्या बाभळीचे खुंट, तुटलेल्या जाळ्यांचे गुंतवळे आणि कुठे कुठे जलपर्णी असे सगळे त्या वीतभर पाण्यात दडलेले असते. वल्हे चिखलात रुतते, आणि समुद्रावर वापरतात तसले उभे बाहेरचे इंजीन पंख्यासकट गाळात जाऊन बसते. त्या इंजिनाला थंड राहण्यासाठी खालून पाणी ओढावे लागते, त्यामुळे पंखा वाचला तरी गाळाने त्याची पाण्याची वाट बुजते.

अशा पाण्यासाठी लांब दांड्याची मोटर असते. इंग्रजीत तिला ‘मड मोटर’ म्हणतात आणि तेच नाव आता आपल्याकडच्या विक्रेत्यांच्या तोंडी आहे. थायलंडच्या कालव्यांतून लांब शेपटीच्या होड्या कित्येक वर्षे धावत आहेत आणि अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीतही याच घडणीची यंत्रे चालतात. रचना अगदी सोपी आहे. फवारणीच्या किंवा पाणी उपसण्याच्या पंपावर असते तसले पाच-साडेसहा अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजीन होडीच्या मागच्या फळीवर एका खिळीवर तोललेले असते. त्याला जोडलेला पाच-सहा फुटांचा दांडा नळीतून तिरका मागे जातो आणि टोकाचा पंखा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. हा मागचा सगळा भाग म्हणजे तिची शेपटी. खुंट आडवा आला की दांडा त्याच्यावरून उचलला जातो. इंजीन पाण्याबाहेर असल्यामुळे गाळ आत ओढला जाण्याचा प्रश्न येत नाही.

मात्र ही मोटर आणली, बोल्ट आवळले आणि निघालो, असे कधी होत नाही. पहिल्या दिवशी तिला वळवायची मूठ हाताला इतकी ओढ देते, की तासाभरात खांदा भरून येतो. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक मालकांनी याचा दोष इंजिनाला दिला आणि त्यांपैकी काहींनी मोठे इंजीन आणून तोच त्रास दुप्पट करून घेतला. खोट बहुधा इंजिनात नसते, ती बसवणुकीत असते.

(होडीच्या मागच्या फळीचे जवळून दृश्य. एक हात खिळीवर.)

या होडीचे मालक पस्तीस वर्षे या पाण्यावर आहेत. काठावरची सगळी मंडळी त्यांना मामा म्हणतात, आपणही तेच म्हणू. गावातला वेल्डिंगवाला तरुण त्यांना पहिलाच प्रश्न विचारतो, “मामा, चालत्या होडीत मूठ सोडली तर काय होतं?” मामा म्हणतात, “सोडायची सोयच नाही, दादा. मूठ छातीला येती अन् शेपूट डावीकडं पळती.” या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. त्या एकत्र दुरुस्त करू पाहणारा माणूस दिवसभर नटांवर पाने फिरवतो आणि संध्याकाळी जिथे होता तिथेच असतो. म्हणून येथे एका वेळी एकच गोष्ट बदलली जाते आणि प्रत्येक बदलानंतर होडी त्याच दोन खुंटांमधून, तेवढ्याच वेगाने नेऊन आणली जाते.

सुरुवात काठावर, इंजीन बंद असतानाच होते. मोटर खिळीवर ठेवून मूठ दोन बोटांनी आडवी धरायची. एका बाजूला इंजिनाचे वजन आणि दुसऱ्या बाजूला नळी, दांडा आणि पंखा यांचे वजन असा हा तराजू आहे. इंजीन फार जड पडले तर हात सुटताच पंखा पाण्याबाहेर येतो आणि भार नसलेले इंजीन मोकाट ओरडू लागते. शेपटी फार जड पडली तर पंखा गाळात शिरतो. तोल शेपटीकडे किंचित झुकलेला असावा, इतका की सोडल्यावर पंखा सावकाश खाली जाईल आणि एका बोटाने पुन्हा वर येईल. त्यासाठी खिळीची पकड नळीवर दोन-तीन बोटे पुढेमागे सरकवावी लागते. त्याच वेळी खिळीचे बुश, म्हणजे ती ज्यात फिरते ते कडे, हेही पाहून घ्यावे. ते झिजले असेल तर मूठ थरथरते आणि ग्रीस वाळलेले असेल तर मूठ अडखळत फिरते. बुश झिजलेले असताना पुढची कोणतीही मोजणी खरी धरता येत नाही.

आता उंचीकडे वळू. या सगळ्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे, आणि नेमका तोच कुणी मोजत नाही.

(गवंड्याची पाणसळ नळीवर ठेवलेली. मोजपट्टी पाण्यापासून खिळीपर्यंत.)

मामांच्या होडीत खिळ पाण्यापासून ४५ सेंटिमीटर वर आहे. खिळीपासून पंख्यापर्यंत १८० सेंटिमीटर भरतात, आणि पंख्याचा मध्य पाण्याखाली साधारण १० सेंटिमीटर असायला हवा. म्हणजे १८० सेंटिमीटरच्या लांबीत दांडा ५५ सेंटिमीटर खाली उतरतो आणि त्याचा पाण्याशी होणारा कोन जवळजवळ १८ अंशांचा होतो. पंखा दांड्याच्या रेषेतच ढकलतो, त्यामुळे त्याच्या जोरातला सुमारे ३० टक्के भाग होडीला पुढे नेण्याऐवजी तिचे ढुंगण वर उचलण्यात जातो. ढुंगण वर गेले की नाक खाली जाते. नाक पाण्यात खुपसलेली होडी नांगरासारखी वागते, कारण पुढचे टोक पाणी धरून बसते आणि मागचे टोक जरा वळवले तरी भरकन बाहेर फेकले जाते. वळण घेताना होडी हातातून निसटते, ही मामांची जुनी तक्रार येथून आलेली आहे.

वेल्डिंगवाल्याने मागच्या सागवानी फळीवर खिळ धरणाऱ्या कंसाची भोके १० सेंटिमीटर खाली पाडली. आता तेवढ्याच लांबीत दांडा ४५ सेंटिमीटर उतरतो, कोन साडेचौदा अंशांवर येतो आणि वर उचलणारा भाग २५ टक्क्यांवर येतो. आकड्यांत हा फरक लहान दिसतो. पाण्यावर मात्र होडीचे नाक वर आलेले काठावरूनसुद्धा ओळखू येते. आणखी खाली का आणू नये, असे कुणी विचारील. भरलेल्या होडीचे ढुंगण आधीच दबलेले असते आणि लाट आली की इंजिनावर पाणी उडते, म्हणून याहून खाली जाण्यात शहाणपण नाही. शिवाय कोन फार उथळ झाला तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढू लागतो.

या कोनाला आणखी एक बाजू आहे आणि ती इंजिनाच्या पोटातली आहे. या छोट्या इंजिनांत तेल तळाशी साठते आणि आतली पळी ते उडवून सगळीकडे पोचवते. पुष्कळ कंपन्या आपले इंजीन २० अंशांपेक्षा जास्त कलवून चालवू नये असे पुस्तिकेत सांगतात. दांडा १८ अंशांवर असेल आणि इंजीन त्याच्याच रेषेत बसवलेले असेल, तर एका खोल डबक्यात मूठ वर उचलताच ही मर्यादा ओलांडली जाते. तेल कमी झाल्याचे ओळखून इंजीन बंद करणारी कळ असलेली मोटर मग मधेच बंद पडते आणि मालक पेट्रोलमधला कचरा शोधत बसतो. तेलाची पातळी पाहतानासुद्धा इंजीन पाणसळीने सपाट करूनच पाहावी.

(पंख्याजवळचा भाग. वर आडवी पट्टी, खाली उभे पाते.)

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी आणि खाली एक उभे पाते वेल्ड केलेले असते. पाते पंख्याला खुंटापासून वाचवते आणि पट्टी वरून हवा आत ओढली जाऊ देत नाही, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. प्रत्यक्षात मुठीचा स्वभाव ठरवणारी हीच दोन लोखंडे आहेत. मूठ छातीला येते, याचा अर्थ वेगात शेपटी खाली बुडी मारते. पट्टीची मागची कड किंचित खाली वाकवली की वाहते पाणी तिला वर उचलते, शेपटी वर येते आणि मूठ खाली बसते. मूठ उलट मांडीवर दाबत असेल, तर कड वर वाकवायची. मामांनी मासे मोजण्याचा स्प्रिंगचा काटा मुठीला अडकवून खालून ओढला, तेव्हा मूठ आडवी ठेवायला साडेचार किलोंचा ताण लागत होता. कड दोन वेळा, दर वेळी दोन-तीन मिलिमीटर वाकवल्यावर तो सव्वा किलोवर आला. काटा शून्यावर आणायचा नसतो, कारण मुठीला थोडी ओढ राहिली तरच पंखा पाण्यात आहे की नाही ते हाताला कळते.

शेपूट डावीकडे पळण्याचे कारण पंख्याच्या फिरण्यात आहे. बहुतेक छोट्या इंजिनांचा दांडा, त्याच्याकडे तोंड करून पाहिले तर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तोच पंख्याला थेट जोडला की मागून पाहताना पंखाही तसाच फिरतो. पंख्याचे वरचे पान फेसाळ, हवा मिसळलेल्या पाण्यात असते आणि खालच्या पानाला घट्ट पाणी मिळते. ते पान पाणी उजवीकडे लोटते आणि शेपटी, जमीन धरून लोळणाऱ्या चाकासारखी, डावीकडे सरकते. मूठ खिळीच्या अलीकडे असल्यामुळे ती उजवीकडे जाते. येथे जवळजवळ प्रत्येक जण पाते उलट बाजूला वाकवण्याची चूक करतो. शेपूट ज्या बाजूला पळते, पात्याची मागची कड त्याच बाजूला वळवायची असते. डावीकडे वळलेली कड पाणी डावीकडे लोटते आणि त्याच्या उलट जोराने शेपटी उजवीकडे रेटली जाते. वेल्डिंगवाल्यालाही हे पटले नव्हते. त्याने आधी उजवीकडे वाकवून पाहिले आणि मामांनी हातातली मूठ दोन्ही हातांनी धरून होडी कशीबशी काठाला आणली.

इंजिनाच्या याच फिरण्याची उलट ओढ होडीच्या अंगावर येते आणि तिची उजवी कड जरा दबते. त्यावर उपाय लोखंडाचा नाही, बसण्याचा आहे. चालवणाऱ्याने वीतभर डावीकडे बसावे आणि पेट्रोलचा डबा, बर्फाची पेटी, ओली जाळी मागे रचण्याची सवय सोडून मधल्या फळीच्या पुढे ठेवावी. रोहू-कटल्याने भरलेली पाटी दिवस चढेल तशी जड होते, म्हणून सकाळी बसवलेला तोल दुपारी तोच राहील अशी अपेक्षा धरू नये.

पंख्याविषयी थोडेच सांगतो. पाने बोथट झालेली किंवा एका पानाचे टोक मुडपलेले असेल, तर होडी थरथरते आणि ती थरथर नट सैल करते. खिळीच्या नटाला चेकनट, म्हणजे त्यावर आवळायचा दुसरा नट, आणि पिन दोन्ही असावीत. जलपर्णी गुंडाळली गेली तर इंजीन बंद करूनच हात घालावा. हा दांडा माणसाच्या उंचीएवढा आहे आणि उचलला की पंखा पाण्याबाहेर, कुणाच्याही पोटरीच्या उंचीवर फिरत असतो. इंजीन बंद करणारी दोरी मनगटाला आणि जाकीट अंगावर, यावाचून पुढची दृश्ये आम्ही चित्रित केली नाहीत. पैठणच्या धरणामागच्या नाथसागर जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केलेले आहे. तिथे इंजीन नेण्याचा विचार वनखात्याला विचारल्याशिवाय करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

(दुपार. मोकळे पाणी, दोन खुंट.)

शेवटच्या फेरीत मामा दोन खुंटांमधून आठाच्या आकड्यात होडी फिरवतात. उजव्या वळणाला अजून थोडा जास्त हात लागतो. ते काठाला येतात, कंसाच्या नव्या भोकांशेजारी फळीवर खडूने एक रेघ मारतात आणि तिच्यापुढे पाण्याची आजची पातळी लिहितात. चैत्रात पाणी उतरल्यावर पुन्हा मोजायचे आहे, तोवर जुनी भोके बुजवू नको, असे ते वेल्डिंगवाल्याला बजावतात.