सात तोफांची क्रूझर आणि झाडांनी झाकलेलं जहाज

मंडळी, डच नौदल म्हटलं की लोक डायरेक्ट 1942 वर जातात, जावा समुद्राची लढाई, ॲडमिरल कारेल डोरमान, बुडालेल्या क्रूझर म्हणजे मोठ्या युद्धनौका वगैरे. मला विचाराल तर ती लढाई अर्धी 1923 लाच हरून झाली होती, आणि तीसुद्धा समुद्रात नाही, हेगच्या संसदेत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आरमार वाढवायचं बिल मतदानाला आलं. इंडोनेशिया तेव्हा डचांच्या ताब्यात, रबर, तेल, कथिल, साखर, सगळा पैसा तिकडून येतोय, आणि तो सांभाळायला जहाजं हवीत असं सरकारचं म्हणणं. लोकांचं म्हणणं उलट, पहिल्या महायुद्धात आपण तटस्थ राहून सुटलो ना, मग आता कशाला खर्च! बिलाच्या विरोधात दहा लाखांवर सह्या गोळा झाल्या, मोर्चे निघाले आणि बिल पडलं, 50 विरुद्ध 49, एका मताने. सरकारी पक्षातलेच काही लोक फुटले, ते तर काय सगळीकडे होतं.

म्हणजे सराफाचं दुकान टाकायचं आणि दाराला लावायचं पत्र्याचं कुलूप, तसा प्रकार. यात लोकांना मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही बरं का, युद्ध नको म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. पण दुकानही हवं आणि कुलूपही स्वस्तातलं हवं, तिथे गाडं अडतं.

आता ही काटकसर लोखंडात कशी दिसते ते बघा. डे राउटर नावाची क्रूझर, शिडामच्या विल्टन-फायनॉर्ड गोदीत बांधली, 1936 ला आरमारात आली. 15 सेंटिमीटरच्या तोफा, आणि त्या किती, तर सात. क्रूझरवर तोफा साधारण जोडीने असतात, सहा, आठ, दहा. ही सात कुठून आली? मूळ आराखड्यात पैसे वाचवायला सहाच धरल्या होत्या, त्या फारच कमी पडतील असं वाटून नंतर एक वाढवली. त्यामुळे पुढे एक जोड-तोफेचा टरेट, म्हणजे फिरता तोफमनोरा, त्याच्या मागे वरच्या पायरीवर ही एकटी सातवी, आणि मागच्या बाजूला दोन जोड्या. फोटो बघाल तर पुढची ती एकटी तोफ लगेच नजरेत भरते.

पण गंमत अशी की त्याच जहाजावर विमानविरोधी तोफांची यंत्रणा जगात पहिल्या रांगेतली होती. 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा आणि त्यांना हाझेमायर कंपनीचं माउंट, म्हणजे तोफेची बैठक, जहाज कितीही डोललं तरी तोफ निशाण्यावर स्थिर. 1940 मध्ये हॉलंड जर्मनांच्या हाती पडलं तेव्हा एक डच जहाज हे माउंट घेऊन इंग्लंडला पोचलं आणि ब्रिटिशांनी ते चक्क उचललं, स्वतःच्या जहाजांवर बसवलं. पण डे राउटरवर अशा दहाच्या दहा तोफा मागे एकाच ठिकाणी गर्दी करून ठेवलेल्या, म्हणजे एक बॉम्ब तिथे पडला की खेळ खलास.

स्नॉर्केलचंही तेच. पाणबुडी पाण्याखाली असताना डिझेल इंजिन चालवायला हवा लागते, त्यासाठी वर काढायची नळी. डच अधिकारी विखर्स यांनी ती तयार केली आणि ओ-19, ओ-20 या पाणबुड्यांवर युद्धाच्या आधीच बसली. ब्रिटिशांकडे पोचलेल्या डच पाणबुड्यांवरून 1940 मध्ये ती काढून टाकण्यात आली, नको म्हणे. जर्मनांच्या हाती मात्र गोदीतल्या अर्धवट डच पाणबुड्या लागल्या, त्यांनी आधी दुर्लक्ष केलं आणि विमानांचा मार बसायला लागल्यावर 1943-44 मध्ये आपल्या यू-बोटींवर, म्हणजे पाणबुड्यांवर, तीच नळी लावली. डोकं डचांचं, फायदा तिसऱ्याचाच.

बरं, 27 फेब्रुवारी 1942. जपानी सैन्याची जहाजं जावाकडे येतायत आणि त्यांना अडवायला डोरमानकडे चार देशांची जहाजं आहेत, डच, ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, पाच क्रूझर, नऊ विनाशिका. एकत्र सराव कधी झालेला नाही, सिग्नलचं कोडबुक एक नाही, डोरमानचा हुकूम डे राउटरवर बसलेला अमेरिकन अधिकारी समजून घेणार आणि मग पुढे पाठवणार. समोर नाची आणि हागुरो, दोन हेवी क्रूझर, प्रत्येकीवर 20 सेंटिमीटरच्या दहा तोफा. हे गणित लांबून गोळागोळी झाली तर कुणाच्या बाजूने जातं ते सांगायला नको.

एक गोष्ट मला राहून राहून चटका लावते. डोरमान हा मुळात नौदलाचा वैमानिक, आरमाराच्या विमानदळाचा प्रमुख राहिलेला माणूस, आणि त्या दिवशी क्रूझरवरची टेहळणी विमानं किनाऱ्यावर ठेवून निघाला, कारण लढाई रात्री होईल असा अंदाज होता. झाली दुपारी चारनंतर! जपान्यांची विमानं वर घिरट्या घालून आपले गोळे कुठे पडतायत ते सांगत होती, इकडे सगळा अंदाजपंचे कारभार.

ब्रिटिश एक्झिटरच्या बॉयलर रूममध्ये गोळा घुसला, ती वळली, मागच्यांना वाटलं वळायचा हुकूम आहे म्हणून तेही वळले, सगळी रांग विस्कटली. कोर्टेनार या डच विनाशिकेला टॉर्पेडो लागला आणि तिचे मधोमध दोन तुकडे झाले. तरी अंधार पडल्यावर डोरमान पुन्हा उत्तरेला शोधत निघालाच. रात्री साडेअकराच्या सुमाराला जपानी टॉर्पेडो आले, ऑक्सिजनवर चालणारे, पाठीमागे बुडबुड्यांची रेघ जवळजवळ नाही, पल्ला वीस किलोमीटरच्या वर, दोस्त राष्ट्रांना असं काही असतं याची धड कल्पनाच नव्हती. जावा नावाची जुनी क्रूझर मागून फुटली आणि थोड्याच वेळात गेली, डे राउटर जळत जळत गेली, डोरमान तिच्यासोबत. त्या लढाईत नऊशेवर डच आरमाराची माणसं मेली. 2002 मध्ये डायव्हरांना त्या जहाजांचे सांगाडे सापडले, आणि 2016 मध्ये पंच्याहत्तराव्या वर्षाच्या तयारीसाठी टीम गेली तर डे राउटर आणि जावा जागेवरून गायब, नुसते वाळूत खड्डे. भंगारवाल्यांनी युद्धकबरी उचलून नेल्या, दुसरं काय म्हणणार.

आता अब्राहम क्राइन्सन, हे माझं आवडतं जहाज. सुरुंग काढणारं छोटं जहाज, 56 मीटर लांब, वेग 15 नॉट. जावाच्या सुराबाया बंदरात अडकलेलं, समुद्रात जपानी, वर जपानी. 45 माणसांनी काय केलं, बेटावर उतरून फांद्या तोडल्या, झाडंच्या झाडं आणून डेकवर उभी केली, जिथे लोखंड दिसत होतं तिथे खडकासारखा रंग फासला. दिवसा कुठल्या तरी बेटाला खेटून नांगर टाकून गप्प पडायचं आणि रात्री पळायचं. एवढी बेटं आहेत त्यात एक जास्त, वैमानिक मोजणार थोडेच! तिच्या जातीची जी जहाजं तिथे होती ती गेली, दोन जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली, एक जपानी विनाशिकेने पकडून बुडवलं. ही मात्र 20 मार्चला ऑस्ट्रेलियात जेराल्डटनला पोचली. आज डेन हेल्डरच्या नौदल संग्रहालयात उभी आहे, झाडांशिवाय अर्थात.

शेवटचा किस्सा आपल्याशी संबंध असलेला. 11 नोव्हेंबर 1942, हिंदी महासागर, ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून दिएगो गार्सिया बेटाकडे डच तेलवाहू जहाज ओंडिना चाललंय आणि सोबत रक्षणाला रॉयल इंडियन नेव्हीचं एचएमआयएस बेंगॉल, नवं कोरं, सिडनीत बांधलेलं, बहुतेक खलाशी हिंदी. या नौदलाच्या आधीच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये आपल्या रत्नागिरीकडची पोरं पिढ्यानपिढ्या भरती व्हायची, म्हणून मला या जहाजाबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे. समोरून आल्या होकोकू मारू आणि आइकोकू मारू, दहा-दहा हजार टनांच्या, 14 सेंटिमीटरच्या तोफा लावलेल्या प्रवासी बोटी. बेंगॉलकडे एक 12 पाउंडर, म्हणजे छोटी तोफ, ओंडिनाकडे एक चार इंची तोफ आणि गोळे मोजून 32. बेंगॉलच्या कप्तानाने ओंडिनाला पळायला सांगितलं आणि स्वतः सरळ होकोकूवर गेला. ओंडिना पळायचं सोडून मारत बसली. एक गोळा होकोकूच्या मागच्या टॉर्पेडोंच्या नळ्यांवर बसला, ती पेटली, फुटली आणि बुडाली. मग ओंडिनाचे गोळे संपले, कप्तान विलेम होर्समान मारला गेला, लोक होड्यांत उतरले, आइकोकूने जहाजाला दोन टॉर्पेडो मारले, होड्यांवर मशीनगन चालवली, त्यात इंजिनवरचे चिनी खलाशी मेले. आइकोकू निघून गेल्यावर बघतात तर ओंडिना तरंगतेच आहे. रिकाम्या टाक्यांनी तारलं, परत वर चढले, आग विझवली आणि तिरकं झालेलं जहाज आठवड्याभरात फ्रीमँटलला आणलं. बेंगॉलने तर ती गेलीच असं कळवून टाकलं होतं.

तो गोळा नेमका कुणाचा यावर दोन्ही जहाजांचे दावे आहेत. आपल्या माणसांचा असता तर मलाही आवडलं असतं, पण अंतर आणि तोफ बघितली तर चार इंचीचाच तो, ओंडिनाचा. बेंगॉलने एवढ्या मोठ्या दोन जहाजांसमोर एका 12 पाउंडरवर जाऊन उभं राहणं हे मात्र पूर्णपणे तिचं, त्यात वाटेकरी कुणी नाही.