आधी वचन देऊ नका

(एका माध्यमिक शाळेतील 'मित्र' गटाच्या, म्हणजे सोबत्यांच्या मनातलं ऐकून घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, प्रशिक्षणात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

तुमची निवड कशी झाली हे काहींना अजून कळलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगते. जूनमध्ये आम्ही नववीच्या दोन्ही तुकड्यांत चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न एकच होता : 'तुला एखादी गोष्ट घरी सांगता येत नसेल, तर वर्गात कोणाला सांगशील?' त्या चिठ्ठ्या उघडताना दरवर्षी आम्हा शिक्षकांचे अंदाज चुकतात. मॉनिटरचं नाव क्वचित निघतं. पहिल्या पाचात येणाऱ्यांचंही फारसं नाही. तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसणाऱ्या, तासाला सहसा हात वर न करणाऱ्या मुलामुलींची नावं निघतात. तुम्हाला तुमच्या सोबत्यांनी निवडलंय, आणि माझ्या लेखी कुठल्याही बक्षिसापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

सरकारनेही हे ओळखलंय. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात आपल्या वयाच्या मुलांशी बोलायला गावातल्याच १५ ते १९ वयाच्या मुलामुलींना तयार करतात, त्यांना 'साथिया' म्हणतात. २०२० मध्ये आलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात आरोग्यदूत म्हणून प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थी घ्यायचे असं ठरलं. कारण उघड आहे. चौदा वर्षांचं पोर मनातलं आधी चौदा वर्षांच्याच पोराला सांगतं, आमच्यापर्यंत ते फार उशिरा येतं.

आता माझी एक चूक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मी तेव्हा दुसऱ्या शाळेत होते. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडेनाशी झाली. सुट्टी संपत आली की पाण्याच्या टाकीमागे जायची, पोळी-भाजी कुत्र्याला घालायची, डबा नळाखाली विसळायची आणि ओलाच दप्तरात टाकायची. घरी रिकामा डबा दिसला पाहिजे ना! हे माझ्या लक्षात आलं नाही, आलं तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या. दप्तरातल्या वह्यांच्या कडा रोज भिजलेल्या असतात, हे तिने पाहिलं. ती मला येऊन म्हणाली, "बाई, ती जेवत नाही."

मी त्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "कोणाला सांगणार नाही असं वचन द्या, तर सांगते." मी म्हटलं, "दिलं." मग तिने सांगितलं, की घरी येणारा एक नातेवाईक तिला नको तसा हात लावतो.

आता मी गप्प कशी बसणार? लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आहे, आपण त्याला 'पॉक्सो' म्हणतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की ती पोलिसांना कळवावीच लागते. मी कळवली. तो त्रास थांबला. पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही वचन दिलं होतं." कळवलं ते बरोबरच होतं. चुकलं ते आधीचं एक अक्षर न ऐकता दिलेलं वचन.

तुमच्यासमोर हा प्रसंग येणारच. कोणीतरी म्हणेल, "आईशप्पथ, कोणाला सांगायचं नाही." तेव्हा असं म्हणा : "तू सांग, मी ऐकतेय. वर्गात एक शब्द जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मी एकटी ते पोटात ठेवणार नाही. आपण दोघी मिळून बाईंकडे जाऊ." हे ऐकून एखादी उठून जाईल. जाऊ द्या. बहुतेक जणी पुन्हा येतात, कारण तुम्ही खरं बोललात हे त्यांना कळतं. न कळवल्याची शिक्षा कायद्याने मुलांना ठेवलेली नाही, तेव्हा त्याची भीती बाळगू नका. पण मोठ्या माणसापर्यंत गेल्याशिवाय असे प्रकार थांबत नाहीत.

ऐकताना "एवढंच ना?" म्हणू नका. "माझ्या घरी तर याहून..." हेही नको, तिथे गोष्ट तिची राहत नाही, तुमची होते. ती गप्प झाली तर मनात दहापर्यंत आकडे मोजा. बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला खरी गोष्ट बाहेर येते.

पूर्वपरीक्षेचे गुण लागले की "मेलेलं बरं" असं कोणीतरी बोलतं. हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा : "जीव द्यायचे विचार येतात का तुझ्या मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. एकाने सोबत थांबायचं, दुसऱ्याने शिक्षकांना आणायचं, त्याच मिनिटाला. डायरीच्या शेवटच्या पानावर दोन नंबर लिहा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलतात. आणि १०९८ मुलांच्या मदतीचा.

आणि तुमचं काय? रात्री अकराला मैत्रिणीचा मेसेज वाचून झोप उडाली, तर ते ओझं घेऊन एकट्याने सकाळपर्यंत बसू नका. आईला उठवा. दर गुरुवारी शेवटच्या तासाला मी ग्रंथालयात असते, तिथे या. मैत्रिणीचं नाव सांगितलं नाही तरी चालेल.

चला, जोड्या करा. खुर्च्या अगदी समोरासमोर नको, जरा तिरक्या ठेवा, म्हणजे बोलणाऱ्याला खिडकीतूनही बघता येतं. एकाने पाच मिनिटं बोलायचं, कालचा दिवस कसा गेला एवढंच. दुसऱ्याने एकही सल्ला द्यायचा नाही. सुरू करा, मी घड्याळ लावते.