तीस तासांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसले होते. डोंबिवलीहून लेकीला घेऊन आलेले एक गृहस्थ माहितीपत्रक उलटसुलट करत म्हणाले, "मॅडम, मेजर कळलं, मायनर कळलं. पण हे ओई, व्हीएससी, एसईसी... मुलगी नक्की शिकणार काय?" मी समजवायला घेतलं आणि तिसऱ्या वाक्याला माझीच जीभ अडखळली. चोवीस वर्षं मराठी शिकवतेय, तरीही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं २०२० मध्ये. आपल्याकडे स्वायत्त महाविद्यालयांनी ते २०२३-२४ पासून लागू केलं, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांनी त्याच्या पुढच्या वर्षी. तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. मुख्य विषय, उपविषय, दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषय म्हणजे ओई, कौशल्याचे विषय म्हणजे व्हीएससी आणि एसईसी, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, असं ते ताट वाढलेलं असतं. त्यात नावंही बदलतात. व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेले, सीईटी आली, आणि मुंबईतल्या बऱ्याच महाविद्यालयांत बीएमएसच्या जागी बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज दिसू लागलं. पालकांनी कुठवर लक्षात ठेवायचं?

पण मला आज सांगायचंय ते एका प्रस्तावाबद्दल. आमच्या विभागाने यंदा कौशल्याच्या रकान्यासाठी दोन श्रेयांकांचा नवा विषय सुचवला: उपशीर्षक लेखन. म्हणजे मालिका-चित्रपटांखाली जी ओळ येते, ती लिहिणं. मुंबईत हे काम आहे आणि दोन भाषा येणाऱ्या मुलांना ते जमतं. सुट्टीत बसून मी आराखडा केला. उद्दिष्टं, घटक, संदर्भग्रंथ, मूल्यमापन, सगळं रकान्यांत चोख. संदर्भग्रंथ जरा जास्तच झाले होते, ते सोडा.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक झाली. स्वायत्त महाविद्यालयाच्या मंडळावर बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात, त्या क्षेत्रात काम करणारं कुणी असतं, एखादा माजी विद्यार्थी असतो. आमची माजी विद्यार्थिनी हेच काम करते, अंधेरीच्या एका स्टुडिओत. तिने आराखडा चाळला आणि पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल केला. "मॅडम, पात्र दोन सेकंदांत बोलून मोकळं होतं. तेवढ्यात प्रेक्षकाचं वाचून व्हायला हवं. हे फळ्यावर कसं शिकवणार?"

तो आकडा होता ३०. तासिकेच्या विषयाला एका श्रेयांकामागे १५ तास, म्हणून दोनाला ३०. मुलांनी संगणकावर बसून करायचं म्हटलं, तर विषय प्रात्यक्षिकाचा होतो आणि एका श्रेयांकामागे ३० तास लागतात. म्हणजे ६०. सत्र पंधरा आठवड्यांचं, तेव्हा आठवड्याला चार तास. आमची तुकडी १२० मुलांची. वीस-वीसच्या सहा बॅचेस. सहा चोक चोवीस. आठवड्याला चोवीस तास, एका दोन श्रेयांकांच्या विषयासाठी! सहायक प्राध्यापकाचा अख्खा अध्यापन कार्यभार आठवड्याला सोळा तासांचा धरतात.

खोलीत शांतता पसरली. मग कुणीतरी नेहमीचा तोडगा काढला: "तासिका तत्त्वावर कुणी मिळेल की." मिळेल. तासांवर पैसे घेऊन ठाण्याहून एक महाविद्यालय, दुपारी दुसरं, असं लोकलमध्येच जेवणारं एखादं होतकरू पोर मिळेल. तेही मीच शिकवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. मला तो तोडगा पटत नाही, आणि मी तसं बोललेही. चहा आला म्हणून विषय थांबला.

तर श्रोतेहो, तुमच्या मुलाच्या महाविद्यालयात नवा विषय येतोय असं कळलं, की त्याचं नाव बाजूला ठेवा. नावं आम्ही छानच देतो, भाषेचे शिक्षक तर विचारूच नका. तासांचा रकाना बघा. तासिका की प्रात्यक्षिक? बॅच कितीची? शिकवणारी व्यक्ती पूर्ण वेळ आहे का? आणि जुलैत पाण्याने गाड्या बंद पडतात, मग गणपती येतात, तेव्हा बुडालेले तास कुठे भरून काढणार? प्राचार्यांना हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. आम्हाला बैठकीत विचारलं, तेव्हा घाम फुटला, पण प्रस्ताव सुधारला.

आता तो असा आहे: मुलं फक्त ४०, बॅचेस दोन, शिकवणार विभागातलेच आम्ही दोघं, आणि स्टुडिओतली ती मुलगी चार शनिवार येणार. संदर्भग्रंथ एकोणीसवरून पाचवर आलेत. मंगळवारी पुन्हा बैठक आहे, मग विद्यापरिषदेची मंजुरी. संगणक कक्ष सकाळभर आयटीवाल्यांकडे असतो; दुपारी एकनंतर त्याची किल्ली कुणाकडे असते, तेवढं मला सोमवारी विचारून ठेवायचंय.

नमस्कार.