फिलिप्पैची मध्यरात्र

[दृश्य : पहाट. फिलिप्पैचे अवशेष, दगडी रस्ता]

हे फिलिप्पै. ग्रीसच्या उत्तरेला, कवाला बंदराजवळ. पायाखालची ही फरसबंदी रोमी साम्राज्याच्या हमरस्त्याची, वाया इग्नातियाची. २०१६ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. लोक इथलं प्राचीन नाट्यगृह आणि बासिलिकांचे, म्हणजे जुन्या चर्चचे, उंच खांब बघायला येतात. आपण आलो आहोत ते इथल्या एका रात्रीसाठी.

इसवी सन ५० च्या आसपासची गोष्ट. येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला या शहरात आले. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांशी बोलले. त्यांतली लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. तिने विश्वास ठेवला, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि या दोघांना आग्रहाने घरी नेलं. सुरुवात अशी चांगली झाली होती. पण भविष्य सांगणाऱ्या एका दासीच्या अंगातला आत्मा पौलाने घालवला आणि तिच्या मालकांची कमाई बुडाली. झालं! दोघांना चौकात ओढत नेलं, अंगावरचे कपडे फाडले, छड्यांनी झोडपलं. चौकशी नाही की सुनावणी नाही. मग आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले.

[दृश्य : अंधार. फक्त आवाज]

इथे जरा थांबू या. पाठ सोललेली आहे, त्यामुळे भिंतीला टेकता येत नाही. कुशीवर वळावं तर पाय लाकडात. रक्त वाळून कापडाला चिकटलंय. जखमांना अजून कुणी पाणीसुद्धा लावलेलं नाही. सकाळी काय होणार, ठाऊक नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १६. तिथे लिहिलंय की मध्यरात्रीच्या सुमारास हे दोघे प्रार्थना करत होते, गाणी गाऊन देवाची स्तुती करत होते, आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते.

भूकंप त्यानंतर झाला. ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा भूकंपाकडे धाव घेतो, कारण दारं उघडली की आपल्यालाही हायसं वाटतं. पण ते गाणं दार बंद असतानाचं आहे. सुटकेची कसलीही चाहूल नसतानाचं.

काय गायले असतील? दोघेही यहुदी, स्तोत्रं लहानपणापासून कानावरची. आणि बायबलमधल्या त्या दीडशे स्तोत्रांत रडणं काही थोडं नाही. ४२ व्या स्तोत्रात तर गाणारा स्वतःच्याच जिवाला विचारतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" आजारी माणसाच्या उशाशी रात्र रात्र जागलेल्या कुणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही. त्याला उत्तर म्हणून तो एवढंच म्हणतो, देवाची आशा धर. डोळे पुसून ये, मग गा, अशी अट तिथे नाही.

मग जमीन हादरली. दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. बंदिशाळेचा नायक दचकून जागा झाला. कैदी पळाले असं समजून त्याने स्वतःवरच तलवार उपसली. आणि त्या अंधारातून पौल ओरडला, "तू स्वतःला काही अपाय करून घेऊ नकोस, कारण आम्ही सर्व जण येथेच आहोत!"

मला या कथेतलं सगळ्यात मोठं धैर्य इथे दिसतं. समोर उघडं दार आहे, आणि आपल्याला खोड्यात घालणाऱ्या माणसाचा जीव वाचावा म्हणून पौल हाक मारतोय.

त्याच रात्री, त्याच घटकेला, नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. स्वतःच्या हातांनी. मग त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याने त्यांना घरी नेऊन जेवू घातलं आणि सगळ्या घराने आनंद केला.

[दृश्य : जुन्या पपायरसाची पानं]

दहाएक वर्षं उलटली. पौल पुन्हा कैदेत, परंपरेनुसार रोममध्ये. तिथून त्याने याच शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. चारच अध्याय. पण आनंद हा शब्द मूळ ग्रीक पत्रात वेगवेगळ्या रूपांत सोळा वेळा येतो. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा."

हे वाक्य दुःखी माणसाच्या तोंडावर फेकायचं नसतं. कारण त्याच पत्रात पौल एपफ्रदीताबद्दल लिहितो. हा फिलिप्पैहून त्याच्यासाठी मदत घेऊन आला आणि मरणाच्या दारात जाऊन परतला. देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल मोकळेपणाने कबूल करतो. दुःखाला तो दुःखच म्हणतो. समाधानी राहायला "मी शिकलो आहे" असंही म्हणतो. म्हणजे तेही त्याला शिकावं लागलं, एकेका कैदेत, एकेका रात्री.

[दृश्य : संध्याकाळ. नदीकाठ]

ते पत्र फिलिप्पैत पोहोचलं, तेव्हा मंडळीसमोर मोठ्याने वाचलं गेलं असणार. ऐकायला लुदियाच्या घरची माणसं असतील. कदाचित तो नायकही असेल, आता थोडा म्हातारा झालेला. वाचणारा "आनंद करा" या शब्दांशी आला असेल, तेव्हा ज्याची पाठ आपण धुतली होती, तोच हे लिहितोय, हे त्या नायकाच्या हातांना आठवलं असेल.