तीन वर्षांचा प्रकल्प, तीस वर्षांचं मूल

नमस्कार श्रोतेहो.

स्वारगेटहून कात्रजकडे निघालं की धनकवडीत भारती विद्यापीठाचं आवार लागतं. तिथलं रुग्णालय पुणेकरांना माहीत आहे, आसपासच्या तालुक्यांनाही माहीत आहे. त्याच आवारात विद्यापीठाची 'इर्शा' नावाची संशोधन संस्था आहे, तिची फारशी कुणाला खबर नसते. तिच्या माता व बाल आरोग्य विभागात डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एका आजाराचा पिच्छा पुरवला आहे. त्याचं नाव प्रीएक्लॅम्पसिया. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर जातो, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनं जायला लागतात, आणि दुखणं वाढलं तर आईला झटके येऊ शकतात. बाळाची वाढ खुंटते, किंवा दिवस भरण्याआधीच बाळंतपण करावं लागतं.

या आजाराची खोड अशी की रक्तदाबाच्या यंत्रावर तो दिसतो तेव्हा त्याची सुरुवात होऊन बरेच आठवडे उलटलेले असतात. पहिल्या काही महिन्यांत वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, गर्भाशयात नीट रुजली नाही, तिथल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, की पुढचं सगळं बिघडत जातं. म्हणून धनकवडीच्या संशोधकांनी आजारी बायकांवरच भिस्त ठेवली नाही. धडधाकट बायकांनाही अकरा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास अभ्यासात घेतलं आणि बाळंतपणापर्यंत ठरावीक टप्प्यांवर त्यांचं रक्त तपासलं. कोणाचा रक्तदाब वाढणार, हे तेव्हा ना बाईला ठाऊक ना डॉक्टरला.

आणि मग बाळंतपणाच्या वेळी वार. मला या सगळ्या खटाटोपातला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. बाळ बाहेर आलं की लेबर रूममधल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, आणि एक जण मात्र वारेची वाट पाहत ट्रे घेऊन उभी. साधारण अर्धा किलोचा हा गोळा. त्याच्या वेगवेगळ्या भागांतून तुकडे घ्यायचे, सलाइननं रक्त धुवायचं, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवायचे आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे. उशीर झाला तर पेशींमधले नाजूक रेणू मोडायला लागतात आणि तो नमुना बऱ्याच तपासण्यांसाठी निकामी होतो. बाळं रात्री दोनलाही येतात, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही येतात. त्यामुळे पंचवीस-सव्वीस वर्षांच्या कुणा प्रकल्प सहायिकेला फोन जातो आणि ती स्कूटर काढते. पुढे त्या फ्रीझरचीही राखण असते. वीज गेली तर जनरेटर लागला का, आत किती अंश आहेत, हे कुणीतरी पाहायलाच लागतं. शोधनिबंधात या सगळ्याचं एक वाक्य होतं: नमुने उणे ८० अंशांवर साठवले.

शिवाय वार मागायची कशी, हाही प्रश्न. आपल्याकडे अनेक घरांत ती पुरायची पद्धत आहे. संमतीपत्र मराठीत असतं, पण ते वाचून सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, नवरा दाराशी घुटमळत असतो, आणि बाई दोघांच्या तोंडाकडे पाहून मान डोलावते. ती मान कशासाठी डोलली हे ओळखणारी समाजसेविका मिळणं हे संस्थेचं भाग्य. पदवीच्या अभ्यासक्रमात हे शिकवत नाहीत.

दुसरी अडचण आपल्या महाराष्ट्राची खास. पहिलं बाळंतपण माहेरी! सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, ओटी भरली, की निघाली मुलगी सोलापूरला, नाहीतर लातूरला. संशोधकांच्या भाषेत ही बाई आता 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेली. कित्येक महिने जपलेली माहिती शेवटच्या टप्प्यावर अधुरी राहते. म्हणून अशा कामात मुरलेल्या ताई पहिल्याच भेटीत सहज विचारतात, ‘माहेर कुठलं गं तुझं? आईचा नंबर दे बरं.’ गप्पा वाटतात, पण अभ्यासाचा अर्धा जीव त्या नंबरात असतो.

पुण्याला या कामाची जुनी सवय आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी वढू बुद्रुकला आरोग्यकेंद्र उभं केलं आणि आसपासच्या गावांतल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या तरुण बायकांच्या घरी दर महिन्याला जायचं आणि विचारायचं, पाळी आली का? नाही आली तर पुढे सोनोग्राफी, अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात वजन-मापं, काय खाल्लं, किती काम केलं याच्या नोंदी. आणि बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत त्याची मापं. घरी बाळंतपण झालं असेल तर काटा घेऊन तिथं जायचं. तिथं आजी म्हणणार, पाचवी होऊ द्या, दृष्ट लागेल. तिला न दुखावता बाळ काट्यावर ठेवायचं.

सोनोग्राफीचीही एक कसोटी होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्येच कायदा केला होता, देशाचा कायदा १९९४ चा. म्हणजे ज्या काळात मुलगा की मुलगी हे कळायची लोकांना घाई, नेमक्या त्या काळात गावातल्या बायकांना मशीनपाशी न्यायचं आणि ती एकच गोष्ट सांगायची नाही.

या मापांतून जे निघालं ते आता जगभर शिकवलं जातं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. मात्र कातडीखालची चरबी मोजली तर ती वजनाच्या मानानं फारशी कमी नव्हती. स्नायू मात्र बरेच कमी होते. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार, आणि पुढे मधुमेहाकडे झुकणारी ही ठेवण जन्मापासूनच असते, हे पुढे आलं. ज्या आया पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्या शेतात आणि घरात जास्त राबत होत्या त्यांची लहान. जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी निघालं.

पालेभाजी चांगली हे आपल्याला माहीतच होतं, असं म्हणाल. खरंय. पण ‘काल काय खाल्लं?’ या प्रश्नाला आपली बाई उत्तर देते, ‘काही नाही, नेहमीचंच.’ त्या नेहमीच्यातून किती भाकऱ्या, भाकरी केवढी, भाजी वाटीभर की सगळ्यांचं झाल्यावर उरली तेवढीच, हे काढून घ्यायला चुलीपाशी बसावं लागतं आणि पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आता माझी खरी तक्रार सांगतो. सहा गावांतली ती बाळं आज तिशीच्या आसपास आहेत, काही जण स्वतः आईबाप झाले आहेत. इतकी वर्षं ती तपासणीला येत राहिली म्हणूनच हे ज्ञान हाती आलं. आणि आपल्याकडे संशोधनाचं अनुदान मिळतं ते बहुधा तीन वर्षांचं, फार तर पाच. माणसं कंत्राटावर. मुदत संपली की ज्या ताईला प्रत्येक घरातलं कुत्रंसुद्धा ओळखतं, तिनं दुसरी नोकरी शोधायची. मग नवा निधी आला की नवी मुलगी पाठवायची आणि दारात पहिल्यापासून ओळख करून द्यायची. यंत्रं घ्यायला पैसे मिळतात, कारण ती उद्घाटनाला दाखवता येतात. ताईच्या पगाराची सलग सोय करायची तर अर्जाच्या नमुन्यात तेवढा रकानाच नसतो. शोधनिबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘फील्ड स्टाफचे आभार’ असतात. आयांची नावं छापत नाहीत, ते योग्यच. ती गोपनीय राहायलाच हवीत. ताईंची नावं गोपनीय ठेवण्याचं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्या घरी सून किंवा लेक गरोदर असेल आणि रुग्णालयात कुणी संमतीपत्र पुढे केलं, तर बिचकू नका, आणि आंधळेपणानं सहीही करू नका. रक्त कशासाठी घेताय, किती वेळा, माझं नाव कोण पाहील, मधेच नाही म्हटलं तर माझ्या उपचारात फरक पडेल का, आणि रिपोर्ट मला मिळेल का, हे विचारा. फरक पडणार नाही असं तोंडी सांगितलं तर ते कागदावर कुठं लिहिलंय ते दाखवायला सांगा. समोरची ताई बसून सगळं समजावेल. आणि तिनं माहेरचा नंबर मागितला, तर द्या.

नमस्कार.